जिना कुठून चढतो ते आधी बघा: फ्रान्समधली 'खाली दुकान, वर घर' खरेदी

फ्रान्सच्या नैर्ऋत्येला लोत जिल्ह्यात फिजाक नावाचं गाव आहे. तिथल्या व्यापाऱ्यांची बाराव्या ते चौदाव्या शतकातली घरं अजून उभी आहेत. तळाला दगडी कमानी आणि त्यात दुकान, वर राहण्याचे मजले, सगळ्यात वर 'सोलेयो' म्हणजे वाळवणाची उघडी माडी. पुण्याच्या पेठेतला वाडा पाहिलेल्या माणसाला हे घर ओळखीचं वाटतं. किंमतही पुण्यातल्या बऱ्या फ्लॅटएवढी दिसते. फिजाकच नव्हे, फ्रान्सभरच्या जुन्या गावांत अशी घरं विकायला असतात, आणि परदेशी खरेदीदार त्यात एकाच ठरावीक पद्धतीने फसतो.

जाहिरात साधारण अशी असते: 'ऐतिहासिक घर, दुकानाचं भाडं चालू, वरचे दोन मजले रिकामे.' यातला एकही शब्द खोटा नसतो. मजले रिकामेच असतात, पण ते विकणाऱ्याच्या ताब्यात असतातच असं नाही. दुकानाच्या भाडेकरारात 'जागेचं वर्णन' असं एक कलम असतं. त्यात 'तळघर, दुकान आणि त्यावरील मजले' असं लिहिलेलं असलं, तर भाडेकरू वरच्या मजल्यावर खोकी ठेवो नाहीतर धूळ साठू देवो, जागा त्याच्याच ताब्यातली. खरेदीदार खरेदीखतावर सही करतो, किल्ली मागतो, आणि दुकानदार नम्रपणे करार पुढे करतो.

आता तो करार म्हणजे काय ते नीट समजून घ्या. फ्रान्समध्ये दुकानाचा भाडेकरार '३-६-९' म्हणून ओळखला जातो. १९५३ च्या आदेशातून आलेला हा कायदा आज व्यापार संहितेत आहे. मुदत किमान ९ वर्षांची. भाडेकरूला साधारणपणे दर ३ वर्षांनी सोडून जाता येतं, मालकाला मात्र त्याला तसं उठवता येत नाही. ९ वर्षं संपली तरी भाडेकरूला नूतनीकरणाचा हक्क असतो, आणि मालकाने तो नाकारला तर बेदखलीची भरपाई द्यावी लागते. ती बहुतेक वेळा चालत्या धंद्याच्या किमतीएवढी जाते. भाडेवाढ सरकारी निर्देशांकाला बांधलेली. थोडक्यात, मुंबईतल्या पगडीच्या भाडेकरूसारखीच याचीही पकड घट्ट असते. आणखी एक गोंधळ नेहमी होतो: भिंती वेगळ्या, धंदा वेगळा. तुम्ही भिंती विकत घेता. धंदा भाडेकरूचा, तो दुसऱ्याला विकू शकतो, आणि धंदा घेणारा करारासकट तुमच्या घरात येतो.

करारात मजले नसले तरी दुसरा फास असतो, तो जिन्याचा. गेल्या शतकात दुकानाची दर्शनी काच रुंद करण्यासाठी कित्येक घरांचा रस्त्यावरचा स्वतंत्र दरवाजा आणि बोळ काढून टाकले गेले. जुन्या फ्रेंच गावांत दुकानांवरचे इतके मजले ओस पडलेले दिसतात, त्याचं हे एक मोठं कारण. वर जायची वाट दुकानातून, आणि दुकानाची किल्ली भाडेकरूकडे. दलाल सांगतो, 'नवा जिना काढून घ्या.' आतून काढायचा तर भाडेकरूच्या जागेतले काही चौरस मीटर लागतात, ते तो फुकट देणार नाही. बाहेरून दरवाजा फोडायचा तर जुन्या गावठाणात 'आर्किटेक्त दे बातिमाँ द फ्रान्स' या सरकारी वास्तुतज्ज्ञाची संमती लागते, आणि मध्ययुगीन कमानीत नवं भोक पाडायला तो सहजी हो म्हणत नाही.

म्हणून पैसे देण्याआधी पुढची कागदपत्रं मागा: मूळ भाडेकरार, त्याच्या सगळ्या पुरवण्या, शेवटच्या १२ महिन्यांच्या भाडेपावत्या, अनामत किती घेतली तिचा कागद. 'भाडं दरमहा ५०० युरो' असं सांगितलं, तर तो आकडा पावतीवर दिसला पाहिजे. जाहिरातीत कधीकधी अपेक्षित भाडं लिहिलेलं असतं. दुरुस्तीचं कलमही वाचा. ५ नोव्हेंबर २०१४ पासून झालेल्या किंवा नूतनीकरण झालेल्या करारांत दिवाणी संहितेच्या कलम ६०६ मधली मोठी कामं, म्हणजे मुख्य भिंती, घुमटाकार छत, तुळया, अख्खं छप्पर, भाडेकरूच्या माथी मारता येत नाहीत. स्लेटचं किंवा कौलांचं छप्पर नव्याने घालायचं झालं तर कित्येक वर्षांचं भाडं त्यातच जातं.

साठेखताला फ्रान्समध्ये 'कोंप्रोमी' म्हणतात. राहत्या घराच्या खरेदीदाराला त्यानंतर १० दिवसांत कारण न देता माघार घेता येते, हे सगळीकडे सांगितलं जातं. न सांगितली जाणारी गोष्ट अशी की दुकान आणि घर एकत्र असलेल्या इमारतीला ही सवलत आपोआप लागू होत नाही. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये तसाच निकाल दिला आहे. म्हणजे सही केली की अडकलात, आणि माघारीला सहसा किमतीच्या १० टक्के दंडाचं कलम असतं. उपाय सोपा आहे: माघारीचे १० दिवस साठेखतात कलम म्हणून लिहून घ्या. कर्ज न मिळाल्यास आणि वरचे मजले रिकामे व करारमुक्त न मिळाल्यास व्यवहार रद्द, ही अटही शब्दशः घाला. विकणारा यावर कुरकुरला तर त्याचं कारण विचारा.

इसार ५ ते १० टक्के असतो आणि तो सहसा नोतेरच्या, म्हणजे खरेदीखत करणाऱ्या सरकारमान्य कायदेतज्ज्ञाच्या, खात्यात जातो, विकणाऱ्याच्या किंवा दलालाच्या खिशात नाही. खरेदी पूर्ण होण्याआधी दलालाला दलाली घेण्याचा हक्कच नाही. १९७० चा कायदा तसं स्पष्ट म्हणतो. नोतेरच्या नावाने आलेल्या मेलमध्ये बदललेला खातेक्रमांक धाडून रक्कम पळवणं हा अलीकडचा सर्रास प्रकार आहे. ओळखायची खूण पक्की: नोतेरची ग्राहक-खाती 'केस दे देपो' या सरकारी संस्थेत असतात. आयबॅनमध्ये, म्हणजे आंतरराष्ट्रीय खातेक्रमांकात, 'एफआर' आणि दोन अंकांनंतरचे पाच अंक ४००३१ नसतील तर पैसे पाठवू नका. असले तरी नोतेरला फोन करा, पण मेलमधल्या नंबरवर नको; नोतेरांच्या अधिकृत यादीतला नंबर घ्या. स्वतःचा वेगळा नोतेर नेमला तरी खर्च वाढत नाही, ठरलेली फी दोघांत वाटली जाते. विकणाऱ्याच्याच नोतेरवर विसंबणं म्हणजे नुसता आळस.

नोतेर ३० वर्षांचा मालकी इतिहास तपासतो, आपल्याकडच्या सर्च रिपोर्टसारखा. छप्पर मात्र तो बघत नाही. शिवाय तिथला नकाशा, 'कादास्त्र', करासाठी असतो, मालकीचा पुरावा नव्हे. जुनी घरं एकमेकांत घुसलेली असतात: शेजाऱ्याची खोली तुमच्या दुकानावर, तुमचं तळघर त्याच्या स्वयंपाकघराखाली. नकाशात फक्त जमिनीची रेषा दिसते. प्रत्येक खोली, माडी आणि तळघर मालकीपत्रातल्या वर्णनाशी जुळवून बघा.

ओलीचं लपवणंही ठरलेलं. चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा दिला की ओल आत कोंडते आणि तुळईची टोकं कुजतात. वर जिप्समचा पडदा ठोकला की काही दिसत नाही. भिंतीत गेलेल्या टोकात स्क्रूड्रायव्हर रोवून बघा. लाकूड मऊ लागलं तर किंमत पुन्हा बोला. खाजगी विक्रेता 'आहे त्या स्थितीत' लिहून देतो, मग त्याला दोष माहीत होता हे सिद्ध करण्याचं ओझं तुमच्यावर येतं. नगरपालिकेत जाऊन इमारतीवर धोक्याचा आदेश आहे का तेही विचारा; तो नव्या मालकाला चिकटतो.

करसवलतीचं गाजर, म्हणजे जुन्या इमारतींच्या दुरुस्तीवर मिळणारी, १९६२ च्या मालरो कायद्याच्या नावाची सूट, फ्रान्समध्ये आयकर भरणाऱ्यांसाठी आहे. सांगलीत बसलेल्या माणसाला तिचा उपयोग शून्य. घर घेतलं म्हणून व्हिसाही मिळत नाही. आणि ऊर्जा-दाखल्यात 'जी' ही सगळ्यात खालची श्रेणी असलेलं घर १ जानेवारी २०२५ पासून नव्याने भाड्याने देता येत नाही, त्यामुळे 'वरचे मजले भाड्याने द्या' हा हिशेब तिथेच कोसळतो. भारतातून पैसे पाठवणाऱ्याला माणशी वर्षाला २,५०,००० डॉलरची मर्यादा आहे. किंमत, ७ ते ८ टक्के नोंदणीखर्च आणि दुरुस्ती, सगळं त्यातच बसवायचं.

बघायला जाताना सोमवार निवडा. लहान गावांतली बरीच दुकानं त्या दिवशी बंद असतात. शटर खाली असताना वरच्या मजल्यावर नेऊन दाखवायला सांगा. दलालाला दुकानदाराला फोन करावा लागला, तर भाडेकरार हातात येईपर्यंत कशावरच सही करू नका.