ट्रेनिंग ट्रीट घरी करायचीय: चिकन, कलेजी, पनीर, सुके बोंबील की नाचणीची बिस्किटं?

कुत्र्याला रोज शिकवायला बसलं की विकतच्या ट्रीटचं पाकीट बघता बघता संपतं आणि 'हे घरीच का करू नये' असा विचार येतो. विचार अगदी योग्य आहे. पण शोधायला गेलं की बहुतेक पाककृती बिस्किटांच्याच सापडतात. नाचणीची, ओट्सची, केळं घातलेली, हाडाच्या आकारात कापलेली. दिसतात छान, टिकतात चांगली, कुत्रे आवडीने खातात. तरीही माझं स्पष्ट मत आहे की शिकवण्यासाठी घरी करता येणाऱ्या सगळ्या पदार्थांत बिस्किट सर्वात कमी उपयोगाचं.

कारण साधं आहे. 'बस' म्हटल्यावर कुत्रा बसला की त्याच क्षणी शाबासकी आणि लगेच तोंडात तुकडा, इतकं ते लागोपाठ हवं. तुकडा गिळून त्याने एक-दोन सेकंदांत पुन्हा तुमच्याकडे बघायला हवं. बिस्किट तो कुरकुर चावतो, चुरा खाली सांडतो, मग नाक जमिनीला लावून एकेक कण शोधत बसतो. तुम्ही पुढचा 'बस' म्हणेपर्यंत त्याचं लक्ष फरशीच्या फटीत गेलेलं असतं. दुसरी गोष्ट वासाची. भाजलेल्या पिठाला घरात कुत्रा मान देईल, पण सोसायटीच्या गेटबाहेर समोरून मांजर गेलं की त्या पिठाची किंमत शून्य होते.

म्हणून ट्रीट निवडताना मी चार गोष्टी बघते: ती मऊ आहे का, हरभऱ्याच्या डाळीएवढा तुकडा भुगा न होता निघतो का, वास किती आहे आणि खिशात तासभर बरी राहते का. पौष्टिकता त्यानंतर. पोषण त्याच्या रोजच्या जेवणातून व्हायचं आहे, या तुकड्यांतून नाही. बिस्किटं करायचीच असतील तर जरूर करा आणि दुपारचा खाऊ म्हणून द्या. कणकेपेक्षा नाचणीची बरी, साखर-गूळ-मीठ काही नको.

चिकन आणि कलेजी

खरी निवड बहुतेक घरांत या दोघांतच असते.

उकडलेलं चिकन सगळ्यात सोपं. बोनलेस ब्रेस्टचा अख्खा तुकडा नुसत्या पाण्यात मंद आचेवर पंधराएक मिनिटं शिजवायचा. मीठ, हळद, आलं-लसूण काहीही घालायचं नाही. गरम असताना कापायला गेलात तर धागे सुटतात आणि हातात चिंधड्या येतात. तोच तुकडा फ्रीजमध्ये पूर्ण गार होऊ दिला की सुरीने स्वच्छ चौकोनी तुकडे पडतात. उरलेलं पाणी टाकू नका, त्याच्या जेवणावर ओता. वास मध्यम, चरबी कमी, पोटाला हलकं. पंधरा मिनिटांचा रोजचा सराव, जिन्यातलं 'थांब', पट्टा न ओढता चालणं, यासाठी चिकन पुरेसं आहे.

कलेजी वेगळ्या कामाची. वासात तिच्या जवळपास फारसं काही येत नाही आणि चिकनवाल्याकडे ती ब्रेस्टपेक्षा स्वस्त मिळते. पण नुसती उकडलेली कलेजी हातात भुरभुरते, बोटांना चिकटते, खिशात तिचा लगदा होतो. म्हणूनच अनेक जण एकदा करून सोडून देतात. त्यावर उपाय आपल्याच स्वयंपाकघरात आहे: तिच्या वड्या करायच्या.

पाव किलो कोंबडीची कलेजी घ्या. एखाद्या तुकड्याला हिरवट पित्ताची पिशवी चिकटलेली असेल तर ती न फोडता कापून टाका, फुटली तर सगळं कडू होतं. धुऊन कच्चीच मिक्सरमधून काढा, सोबत एक अंडं. त्यात नाचणीचं किंवा तांदळाचं पीठ घालत जा, भज्यांच्या पिठाइतकं दाट होईपर्यंत. तेलाचा हात लावलेल्या ढोकळ्याच्या थाळीत बोटभराहून कमी जाडीचा थर ओता आणि वीस मिनिटं वाफवा. सुरी टोचल्यावर कोरडी निघाली पाहिजे. थाळी पूर्ण गार झाल्यावर कोथिंबीर वडीसारखी लादी उलटी करा, आधी लांब पट्ट्या, मग आडवे बारीक तुकडे. हे तुकडे तव्यावर मंद आचेवर पाच-दहा मिनिटं परतले की बाहेरून कोरडे होतात आणि आतून मऊ राहतात. बोटांना काही लागत नाही. छोट्या डब्यांत भरून फ्रीझरमध्ये ठेवा, लागेल तसा एक डबा काढा. मिक्सरचं भांडं मात्र लगेच गरम पाणी-साबणाने घासून टाकायचं.

मग रोज कलेजीच का नको? दोन कारणांसाठी. कलेजीत अ जीवनसत्त्व भरपूर असतं आणि ते चरबीत विरघळणारं असल्याने शरीरात साठतं, रोज भरपूर दिली तर अपाय होऊ शकतो. शिवाय जास्त झाली की पोट बिघडतं. दुसरं कारण शिकवण्याचं आहे. जे रोज मिळतं त्याचं अप्रूप राहत नाही. कलेजी राखून ठेवावी ती अवघड कामांसाठी: हाक मारल्यावर धावत परत येणं, नखं कापून घेणं, डॉक्टरांच्या टेबलावर उभं राहणं. दिवाळीच्या फटाक्यांची किंवा गणपतीतल्या ढोल-ताशांची भीती कमी करायची असेल तर काही आठवडे आधीपासून रेकॉर्ड केलेला आवाज अगदी हळू लावून प्रत्येक आवाजापाठोपाठ कलेजीचा तुकडा द्यायचा असतो. तिथे चिकनपेक्षा कलेजीच हवी.

किती द्यायचं

पशुवैद्य साधारण असा नियम सांगतात की दिवसभराच्या उष्मांकांपैकी ट्रीटचा वाटा 10 टक्क्यांच्या वर जाऊ नये. 15 किलोचा, धडधाकट, नसबंदी झालेला गावठी कुत्रा धरला तर त्याला दिवसाला साधारण 850 कॅलरी लागतात. म्हणजे ट्रीटसाठी 85. एवढ्यात शिजवलेलं चिकन ब्रेस्ट जवळपास 50 ग्रॅम बसतं, आणि डाळीएवढे तुकडे केले तर ते शंभराहून जास्त होतात. एका दिवसाच्या सरावाला भरपूर. दुधाच्या मलईदार पनीरमध्ये मात्र 85 कॅलरी तीसेक ग्रॅममध्येच संपतात. उकडलेलं रताळं 100 ग्रॅमच्या आसपास देता येतं. तुकड्याचा आकार कुत्र्याला महत्त्वाचा वाटत नाही, किती वेळा मिळालं ते वाटतं. त्यामुळे मोठा तुकडा देणं म्हणजे दहा वेळा शिकवायची संधी एकाच घासात घालवणं.

लॅब्रॅडॉर असेल तर ही आकडेमोड काटेकोर करा. केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवलं की सुमारे पाव लॅब्रॅडॉरमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकात असा बदल असतो की त्यांना अन्नाची ओढ जास्त राहते आणि वजनही वाढतं. तो सतत मागतो याचा अर्थ त्याला कमी पडतंय असा नाही. लॅबला शिकवताना त्याच्या रोजच्या कोरड्या खाण्यातलेच दाणे घरात वापरता येतात, त्याला तेही मोलाचे वाटतात. चिकन फक्त बाहेर.

ज्या घरात मांस शिजत नाही

ही अडचण अनेक मराठी घरांत आहे आणि तिची लाज वाटण्याचं कारण नाही. कुत्रं शिकतं, फक्त पदार्थ विचारपूर्वक निवडावा लागतो.

घरात अंडं चालत असेल तर प्रश्न जवळपास सुटला. उकडलेलं नको, त्यातला बलक भुगा होतो. दोन अंडी नुसती फेटून तेलाच्या थेंबावर पातळ ऑम्लेट करा, पूर्ण शिजू द्या, गार झालं की गुंडाळून बारीक कापा. मऊ, न सांडणारं, बऱ्यापैकी वासाचं. माझ्या मते पनीरपेक्षा हे सरस.

अंडंही नसेल तर पनीर. डेअरीतलं मलईदार पनीर घेण्यापेक्षा टोन्ड दूध लिंबाने फाडून, कापडात बांधून, वजनाखाली घट्ट दाबलेलं घरचं पनीर चांगलं. त्यात चरबी कमी आणि तुकडेही नीट पडतात. पनीर करताना दुधातली बरीचशी साखर पाण्याबरोबर निघून जाते, त्यामुळे दूध न पचणाऱ्या अनेक कुत्र्यांना ते पचतं. तरी पहिल्या दिवशी दोन-चार तुकड्यांवर थांबा. चीजचे क्यूब पनीरला पर्याय म्हणून नकोत, त्यांत मीठ फार.

रताळं, लाल भोपळा, गाजर हे खादाड कुत्र्यासाठी उत्तम आणि नखरेबाज कुत्र्यासाठी निरुपयोगी. रताळं उकडून, तुकडे करून थोडं भाजून घेतलं की चिकट राहत नाही. घरातल्या सरावाला वापरा. रस्त्यावर त्याच्यावर विसंबू नका.

सुकी मासळी

किनारपट्टीवर राहत असाल तर याचा विचार आधी करा. रायगड-रत्नागिरीत किंवा वसई-वर्सोव्यात सुके बोंबील घरात असतातच. शिजवायची कटकट नाही, वास कलेजीच्या तोडीचा, कात्रीने कापले की लहान तुकडे पडतात. घेताना बिनमिठाचे आहेत याची खात्री करा, खारवलेली मासळी कुत्र्याला नको. आधी झटकून, कोरड्या कढईत भाजून घ्या, म्हणजे वाळू आणि ओल दोन्ही जातात. जवळा या कामाला फार बारीक पडतो, तो त्याच्या भातावर टाकायला ठीक. पावसाळ्यात बोंबलाला बुरशी लवकर धरते, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये. एकच मोठी अडचण: हाताचा वास. ऑफिसला जायच्या आधी सराव घेणाऱ्याने हे करू नये.

वाळवलेलं चिकन करावं का

विकतच्या चिकन जर्कीची, म्हणजे वाळवलेल्या चिवट पट्ट्यांची, हुबेहूब नक्कल घरी करायचा मोह होतो. घरगुती करण्यामागे भीतीही असते आणि ती निराधार नाही. अमेरिकेत 2007 पासून एफडीए या अन्न-औषध नियामक संस्थेकडे जर्की ट्रीट खाल्लेल्या कुत्र्यांच्या आजारपणाच्या हजारो तक्रारी आल्या, त्यातल्या बऱ्याच ट्रीट चीनमधून आलेल्या होत्या, आणि नेमकं कारण हाती लागलं नाही. पण घरी नुसतं उन्हात वाळवलेलं कच्चं चिकन त्याहून सुरक्षित आहे असं समजू नका. साल्मोनेलासारखे जंतू मारायला कोंबडीच्या मांसाचं आतलं तापमान 74 अंश सेल्सियसपर्यंत जावं लागतं. ऊन किंवा कमी तापमानाचा ड्रायर तिथवर नेत नाही. करायचंच तर आधी शिजवा, मग वाळवा. आणि एवढं करून हाती येतं ते चिवट, चघळत बसायचं. शिकवताना नेमकं तेच नको असतं. मी यात वेळ घालवणार नाही.

ओट्यावर कापताना

कांदा-लसूण कुठल्याच रूपात नाही, पावडरही नाही, त्यामुळे आपल्या रश्श्यातला चिकनचा तुकडा धुऊन देणंही नको. द्राक्षं, बेदाणे, मनुका यांनी मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. चॉकलेट नको. शिजवलेलं हाड नको, त्याच्या टोकदार कपच्या निघतात. पीनट बटर वापरत असाल तर डब्यावरचे घटक वाचा. 'शुगर फ्री' प्रकारांत साखरेऐवजी झायलिटॉल असू शकतं आणि ते कुत्र्याच्या रक्तातली साखर झपाट्याने खाली आणतं. घरी भाजून वाटलेले बिनमिठाचे शेंगदाणे चालतात, पण त्यांत चरबी एवढी असते की बोटभर चाटवण्यापुरतेच.

शिजवलेलं चिकन, कलेजी, पनीर फ्रीजमध्ये तीन-चार दिवस. बाहेर दोन तास, आणि पारा 32 अंशांच्या वर असेल तर एकच तास. नागपूर-अकोल्याच्या एप्रिलमध्ये म्हणजे त्या फेरीपुरतंच बरोबर न्यायचं आणि उरलेलं फेकायचं.

कोणत्या कुत्र्याला काय

डाल्मेशियनला कलेजी देऊ नका. या जातीत युरिक आम्लाची गडबड जन्मजात असते आणि कलेजीसारख्या अवयवांमुळे मूत्रखडे व्हायचा धोका वाढतो. पूर्वी स्वादुपिंडाला सूज आलेल्या कुत्र्याला मलईचं पनीर आणि शेंगदाणे वर्ज्य. सतत खाजवणाऱ्या, कान दुखणाऱ्या कुत्र्याच्या बाबतीत आधी डॉक्टरांशी बोला. कुत्र्यांतल्या अन्नाच्या ॲलर्जीत बीफ, दुधाचे पदार्थ, चिकन आणि गहू हे नेहमीचे दोषी आहेत, आणि डॉक्टरांनी ठरावीक आहार लावला असेल तर त्या काळात चोरून दिलेला एक तुकडाही सगळी तपासणी वाया घालवतो.

कारवानी, मुधोळसारखा सडपातळ कुत्रा पळत्या सशापुढे चिकनकडेही बघणार नाही. तिथे कलेजी किंवा बोंबील, लांब पट्टा, आणि सुरुवात मोकळ्या माळावर नव्हे तर अंगणात.

नुकत्याच रस्त्यावरून घरी आणलेल्या गावठी पिल्लाचं वेगळं असतं. घरात ते कलेजीवर झडप घालतं आणि गेटबाहेर तोच तुकडा नाकाशी धरला तरी तोंड फिरवतं. लोक म्हणतात, याला खाण्याची आवडच नाही. त्याला भीती वाटतेय. घाबरलेला कुत्रा खात नाही आणि तिथे पदार्थ बदलून उपयोग होत नाही, अंतर बदलावं लागतं. रिक्षांपासून वीस पावलं मागे या, तो पुन्हा खायला लागला की तिथेच सराव करा. पाऊचमध्ये त्या दिवशी दोन कप्पे ठेवा: एकात चिकन, एकात चार-पाच कलेजीच्या वड्या, आणि रिक्षा जाऊनही त्याने तुमच्याकडे पाहिलं तेव्हाच दुसरा कप्पा उघडा.