ट्रायसूट : सात तास सदतीस मिनिटे अंगावर राहिलेला कपडा

गेल्या मोसमात गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर ७०.३ या अंतराची आयर्नमॅन स्पर्धा (पोहणे, सायकल आणि धावणे सलग असलेली ट्रायथलॉन) मी ज्या ट्रायसूटमध्ये, म्हणजे तिन्ही खेळांना चालणाऱ्या एकाच घट्ट पोशाखात, पूर्ण केली, त्याविषयी मी हे सविस्तर लिहीत आहे. खरेदी करण्यापूर्वी मी मराठीत बरीच शोधाशोध केली होती, तेव्हा सायकली, घड्याळे आणि बूट यांच्याबद्दल भरपूर वाचायला मिळाले; पण दिवसभर ज्याच्या आत आपले शरीर असते त्या कपड्याबद्दल, आणि विशेषतः बाईच्या दृष्टीने, जवळजवळ काहीच मिळाले नाही.

आधी वस्तू कोणती ते सांगते. माझा सूट एकसंध आहे, म्हणजे वरचा भाग आणि अर्धी चड्डी एकत्र शिवलेली. बाह्या कोपराच्या वरपर्यंत, पाय मांडीच्या मध्यापर्यंत, पुढे पोटापर्यंत उघडणारी चेन आणि पाठीवर कमरेशी दोन खिसे. कापड नायलॉन आणि इलॅस्टेन (ताणला जाणारा धागा) यांचे आहे. खेळाचे कपडे शिवणाऱ्या एका लहान व्यावसायिकाकडून तो मी ४,२०० रुपयांना घेतला. नामांकित परदेशी सूट याच्या कितीतरी पट किमतीला मिळतात, आणि पहिल्याच स्पर्धेसाठी तेवढा खर्च करणे मला पटले नव्हते. काही दोष पुढे येतील, पण ते बहुतेक या प्रकारच्या सगळ्याच सुटांमध्ये तपासून घ्यावेत असे आहेत, म्हणून व्यावसायिकाचे नाव देत नाही.

हा कपडा मुळात लागतोच कशाला, असे मला घरीही विचारले गेले. या स्पर्धेत १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे असे एकूण ११३ किलोमीटर अंतर असते (मैलांत मोजले तर ७०.३, त्यावरूनच हे नाव), आणि सगळे मिळून साडेआठ तासांच्या आत संपवायचे असते. एका खेळातून दुसऱ्यात जाताना घड्याळ थांबत नाही. शिवाय ट्रान्झिशनच्या, म्हणजे एका खेळातून दुसऱ्यात जाण्याच्या, मोकळ्या जागेत, सायकलींच्या रांगांमध्ये, कपडे उतरवण्यास नियमाने मनाई आहे. ओल्या, मिठाने चिकट झालेल्या अंगावर कोरडी, घट्ट सायकलिंगची चड्डी चढवून पाहिली की एका कपड्याचे महत्त्व कुणालाही सांगावे लागत नाही. मी सरावात एकदा तसे करून पाहिले, त्यात सहा-सात मिनिटे गेली आणि बोटांची नखे दुखली ती वेगळीच.

या सुटाचा खरा कस पॅडमध्ये लागतो, म्हणून त्याविषयी जरा थांबून लिहिते. सायकलिंगच्या नेहमीच्या चड्डीत जाड गादी असते. ती तीन-चार तासांच्या सायकलीला उत्तम, पण पाण्यात ती स्पंजासारखी भरते आणि धावताना दोन मांड्यांच्या मध्ये ओले फडके ठेवल्यासारखी वाटते. ट्रायसूटची गादी त्याच्या निम्म्याहूनही पातळ असते. माझ्या सुटातली गादी पाण्यातून बाहेर आल्यावर किनाऱ्यापासून सायकलीपर्यंत चालत जाईतो निथळली होती, आणि सायकलीवर वीसेक मिनिटांत ती ओली असल्याचे मी विसरूनही गेले. याची किंमत मात्र साठ किलोमीटरनंतर मोजावी लागली. बसण्याची हाडे ठणकू लागली आणि शेवटचे तीस किलोमीटर मी दर दहा मिनिटांनी उभी राहून पेडल मारत काढले. तरीही निवड पुन्हा करायची झाली तर मी पातळ गादीच घेईन, कारण सायकलीवरचे दुखणे सायकलीवरून उतरले की संपते, आणि काचलेल्या मांड्या घेऊन एकवीस किलोमीटर धावणे मात्र फार कठीण असते. मला धावताना मांड्या अजिबात काचल्या नाहीत. गादीच्या कडेची शिवण चपटी आहे आणि ती मांडीच्या घडीवर न येता थोडी पुढे वळवलेली आहे, याचे श्रेय शिवणाऱ्याला द्यायलाच हवे.

काचले ते दुसरीकडे. गळ्याच्या मागे, जिथे कॉलर संपते, तिथे पोहताना प्रत्येक श्वासाला मान वळवली की कापड घासत होते. समुद्राच्या पाण्यात मीठ असल्यामुळे तलावात कधीही न जाणवलेली शिवण तिथे करवतीसारखी लागते. रात्री आंघोळीचे पाणी मानेवर पडले तेव्हा मी ओरडले होते, आणि आरशात पाहिले तर दोन बोटे रुंदीचा लाल पट्टा उठलेला होता. चिवल्याच्या किनाऱ्यावर, मालवणला, सरावासाठी दोन दिवस पोहले होते तेव्हा तिथे किंचित लाली आली होती, पण मी ती उन्हाची समजले. व्हॅसलीन काखेत आणि मांड्यांना लावले होते, मानेला नाही. समुद्रात पोहायचे असेल तर सूट आधी समुद्रातच घालून पाहावा, हे मी आता प्रत्येकाला आग्रहाने सांगते.

बाह्यांचा निर्णय मात्र अगदी योग्य ठरला. बिनबाह्यांचा सूट खांद्याला मोकळा वाटतो, तरी आपल्याकडच्या उन्हात सायकलीवर पावणेचार तास खांदे उघडे ठेवणे म्हणजे ते भाजून घेणेच आहे. आपल्या समुद्राचे पाणी इतके उबदार असते की वेटसूटचा (थंड पाण्यात घालायच्या रबरी पोशाखाचा) प्रश्नच बहुधा येत नाही (आयर्नमॅनच्या नियमांनुसार पाणी २४.५ अंश सेल्सिअसच्या वर गेले की वेटसूट घालणाऱ्याला वयोगटातले बक्षीस मिळत नाही आणि २८.८ च्या वर तो घालताच येत नाही), त्यामुळे पोहतानाही हाच सूट अंगावर असतो, आणि म्हणूनच त्याने कोपर आणि गुडघा झाकलेला चालत नाही. माझ्या सुटाची बाही कोपराच्या चार बोटे वर थांबते. खांद्यात तो उभे असताना ओढल्यासारखा वाटतो. दुकानात मला तो आखूड वाटला आणि मी एक माप मोठा मागितला होता. तिथल्या शिवणाऱ्या ताईंनी तेव्हा मला स्टुलावर बसवून हँडल धरल्यासारखे वाकायला सांगितले, मग दोन्ही हात डोक्यावर ताणायला लावले, आणि दोन्ही वेळा कापड जागेवर बसले. हा सूट वाकलेल्या पाठीसाठी बेतलेला असतो, सरळ उभ्या पाठीसाठी नाही. मोठे माप घेतले असते तर पोहताना गळ्यातून पाणी शिरून तो फुग्यासारखा भरला असता.

खिशांबद्दल माझे मत चांगले नाही. त्यांची तोंडे सैल आहेत, आणि पोहताना ती पाण्याने फुगतात. सायकलीवर एका खड्ड्यातून जाताना माझी दोन जेल (ताकदीसाठी चोखायची गोड पाकिटे) आणि चिक्कीची पुडी रस्त्यावर पडली. मागे वळून उचलणे धोक्याचे होते, त्यामुळे पुढचा तासभर मला मदत केंद्रावरच्या केळ्यांवर काढावा लागला. नंतर मी तोंडाशी इलॅस्टिक घालून घेतले आणि ते काम वीस रुपयांत झाले.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. सुटाच्या दोन्ही बगलांना फिकट राखाडी पट्टे आहेत. कोरडे असताना ते सुंदर दिसतात, ओले झाल्यावर मात्र त्यांतून आतले स्पष्ट दिसते. हे मला स्पर्धेच्या आदल्या महिन्यात एका मैत्रिणीने तरणतलावावर हळूच सांगितले. मी आतून काळा पोहण्याचा पातळ टॉप घालून वेळ निभावली, पण उन्हात त्याचा त्रास झालाच. खरेदी करताना कापड ओले करून, ताणून, उजेडासमोर धरून पाहावे. आणि शक्यतो पूर्ण गडद रंगच घ्यावा, मग उकाडा थोडा जास्त का जाणवेना.

पुढची चेन धावण्याच्या टप्प्यात माझी सगळ्यात मोठी सोय ठरली. दुपारच्या उन्हात मिरामार ते दोना पावला या रस्त्यावर धावताना दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. प्रत्येक केंद्रावर मी चेन छातीपर्यंत उघडून बर्फाचे दोन-तीन तुकडे आत टाकत होते. ते पोटाशी घट्ट बसलेल्या कापडात अडकून राहत आणि पुढच्या केंद्रापर्यंत हळूहळू वितळत. सैल टी-शर्टमध्ये ते लगेच खाली पडले असते. कापडावर पांढरे मिठाचे नकाशे उमटले, तरी ते कडक झाले नाही. सगळे मिळून मला सात तास सदतीस मिनिटे लागली. एवढ्या वेळात मी सुटाकडे लक्ष दिले ते मुख्यतः बर्फासाठी आणि त्या पडलेल्या चिक्कीसाठी, ही माझ्या मते त्याची सर्वांत मोठी शिफारस आहे.

आता बायकांसाठी थोडे स्पष्ट लिहिते, कारण हे कुणी लिहीत नाही. एकसंध सुटात लघवीला जायचे म्हणजे घामाने चिकटलेल्या बाह्या सोडवून सूट कमरेपर्यंत उतरवावा लागतो आणि तसाच परत चढवावा लागतो. अरुंद, ओल्या फिरत्या शौचालयात मला यासाठी चार मिनिटे लागली. या भीतीने सायकलीवर पाणी कमी पिणाऱ्या दोघी मला सरावात भेटल्या आहेत, आणि तसे करणे उन्हाच्या स्पर्धेत खरोखर घातक आहे. ज्यांना वारंवार जावे लागते, किंवा ज्यांची पाळी त्याच दिवसांत येण्याची शक्यता आहे, त्यांनी वर-खाली असा दोन भागांचा सूट निःसंकोच घ्यावा. पोहताना तो कमरेशी थोडा सरकतो, पण नाडी घट्ट बांधली तर मिनिटभराचाही फरक पडत नाही.

देखभाल सोपी आहे. समुद्रातून आल्यावर त्याच संध्याकाळी गोड्या थंड पाण्यात भिजवावा, पिळू नये, सावलीत उलटा वाळवावा. मालवणहून परतल्यावर मी तो दोन दिवस पिशवीतच ठेवला आणि चेनचा धावता भाग गंजून अडकला. व्यावसायिकाने तो पैसे न घेता बदलून दिला. क्लोरीनने इलॅस्टेन सैल पडते, म्हणून रोजच्या तलावाच्या सरावाला जुना पोहण्याचा पोशाखच वापरावा आणि ट्रायसूट लांबच्या मिश्र सरावापुरता ठेवावा. मी तो पुण्याजवळ पानशेत रस्त्यावरच्या सायकलीला आणि लगोलग तळजाईवरच्या धावण्याला मिळून नऊ वेळा घातला आहे. मांडीच्या कडेचा सिलिकॉनचा पट्टा थोडा निसटू लागला आहे, बाकी एकही शिवण उसवलेली नाही.

पुढच्या मोसमासाठी त्याच ताईंकडे नवा सूट शिवायला टाकला आहे : दोन भागांचा, संपूर्ण काळा, खिशांना इलॅस्टिक आणि मानेची शिवण दोन बोटे खाली घेतलेली. माप देताना जुना सूट सोबत नेला होता. मानेपाशी कापडावर उठलेले गोळे त्यांनी बोटाने चाचपून पाहिले आणि खडूने तिथे खूण केली.