कॅम्परसाठी लिथियम बॅटरी घेताय? माझे ५८,५०० रुपये कसे गेले ते आधी वाचा

५८,५०० रुपये. १०,००० यूपीआयने, उरलेले ४८,५०० रोख. एवढे मोजून १२ व्होल्ट, २०० एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) म्हणून लिथियम बॅटरी घेतली आणि पदरात पडली जेमतेम ७८ एएचची. जुने सेल, नवं खोकं, वर चकचकीत स्टिकर.

कॅम्परमध्ये, म्हणजे राहायची सोय केलेल्या गाडीत, प्लग मिळत नाही तिथे राहायचं, तर सगळा हिशोब एएचवर चालतो. आमचा फ्रिज, दोन पंखे, दिवे, मोबाइल मिळून दिवसाला साठेक एएच लागतात. २०० मध्ये तीन दिवस आरामात निघायला हवेत. त्या भरवशावर गुहागरला मुक्काम टाकला आणि दुसऱ्या संध्याकाळी सगळं एकदम बंद. बॅटरीच्या मोबाइल ॲपवर मात्र ६१ टक्के! बाबांचं इन्सुलिन फ्रिजमध्ये, बाहेर मे महिन्याचा उकाडा. वाडीतल्या एका काकूंनी त्यांच्या फ्रिजमध्ये ठेवून घेतलं, तेव्हा जीव भांड्यात पडला.

त्या ॲपवर जाऊ नका. बीएमएसमध्ये, म्हणजे बॅटरी सांभाळणाऱ्या आतल्या सर्किटमध्ये, क्षमतेचा आकडा विकणाराच भरतो. २०० भरला की टक्के २०० धरूनच दिसतात. व्होल्टेजवरूनही काही कळत नाही, कारण लिथियम आयर्न फॉस्फेटचं (या लिथियम बॅटरीचा प्रकार) व्होल्टेज बॅटरी बरीच उतरली तरी १३ च्या आसपासच राहतं. दुकानात त्याने मीटर लावून १३.३ दाखवले. "बघा साहेब, फुल्ल!"

खटकायला हवं होतं ते वजन. गाडीत ठेवताना मी ती एका हाताने उचलली. एका हाताने! आधीची ट्युब्युलर (शिशाची) बॅटरी उतरवायला दोन माणसं लागली होती. २०० एएचचे चार सेलच सोळा किलोंच्या आसपास भरतात, वर खोकं, बीएमएस, वायरी. ही काट्यावर ११ किलो. आजही तो क्षण आठवला की डोकं फिरतं. पण लिथियम हलकी असते हे सगळेच सांगतात आणि ते खरंही आहे. पहिल्यांदा घेणाऱ्याने किती हलकी म्हणजे संशयास्पद, हे कुठून ओळखायचं? बिलाचंही तेच. "पक्कं बिल हवं तर अठरा टक्के वर." म्हणजे आणखी १०,५३० रुपये. अशा वेळी भलेभले कच्च्या पावतीवर तयार होतात.

परत आल्यावर १० अँपिअरचा लोड लावला. वीस तास चालायची ती आठ तासही टिकली नाही. खोकं उघडलं: सेलवरचे क्यूआर कोड घासून काढलेले, टर्मिनलवर जुन्या वेल्डिंगच्या खुणा, एक सेल फुगलेला आणि रिकाम्या जागेत थर्माकोल कोंबलेला. दुकानदाराला फोन केला तर म्हणतो, "सील तोडलंत, वॉरंटी संपली." मग नंबर ब्लॉक. म्हणून सांगतो, लोड टेस्टचा आणि वजनाचा व्हिडिओ आधी काढा, सीलला नंतर हात लावा.

चौकीत साहेबांनी थर्माकोलचे फोटो पाहिलेही नाहीत. "तुम्ही स्वतः जाऊन घेतली ना? मग हे दिवाणी आहे, कोर्टात जा." सायबरवाले म्हणाले, व्यवहार दुकानात झाला, आमच्याकडे येत नाही. अहो, जाहिरात ऑनलाइन, ॲडव्हान्स ऑनलाइन, आणि तरी येत नाही? पुन्हा चौकीत गेलो तर तक्रार अर्जावर पोच देईनात. साधा शिक्का मारायला यांचं काय जातं? बिल नाही म्हटल्यावर तर मीच चोर असल्यासारखं बोलायला लागले. चोर तिकडे दुकान उघडून बसलाय आणि उलटतपासणी माझी!

आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकतोय. पाच लाखांपर्यंत फी नाही. यूपीआयची नोंद, कच्ची पावती आणि व्हॉट्सॲपवर त्याने स्वतः लिहिलेलं "२०० एएच, ए ग्रेड, नवीन" एवढं माझ्या हातात आहे. तुमचं चॅट डिलीट करू नका. रोख देऊ नका. बिलावर एएच आणि सिरियल नंबर लिहून घ्या. लोड टेस्ट करून द्यायला जो टाळाटाळ करेल, त्याच्या दुकानातून तिथल्या तिथे बाहेर पडा. त्याची जाहिरात अजून चालू आहे, त्याच फोटोसकट.