डबा टीव्ही, जुनं प्लेस्टेशन आणि लाइट गन : आठ महिन्यांनंतर

पहिलंच सांगतो, लाइट गन, म्हणजे टीव्हीवर नेम धरून खेळायची खेळण्यातली बंदूक, घ्यायची तर आधी टीव्ही शोधा, गन नंतर. मी उलटं केलं आणि दोन महिने गन कपाटात पडून.

झालं असं, माझा मावसभाऊ इंग्लंडला असतो, तो दिवाळीला येताना त्याचं जुनं पहिलंवालं प्लेस्टेशन आणि नामको कंपनीची जी-कॉन ४५ लाइट गन घेऊन आला, सोबत टाइम क्रायसिस आणि पॉइंट ब्लँक या नेमबाजीच्या गेमच्या सीडी. लगेच हॉलमधल्या एलईडीला जोडलं. गेम चालू, आवाज झकास, पण नेम सेट करायच्या स्क्रीनवर कितीही ट्रिगर ओढा, ढिम्म. गन मेली म्हणून भावाला शिव्या घातल्या, पण नंतर वाचल्यावर कळलं की दोष गनचा नव्हताच.

जुन्या पिक्चर ट्यूबमध्ये चित्र एकदम येत नाही, एक किरण डावीकडून उजवीकडे एकेक रेघ मारत वरून खाली येतो, आपल्याकडच्या पॅल या टीव्ही सिग्नलच्या सिस्टिममध्ये सेकंदाला १५,६२५ रेघा. गनच्या नळीत सेन्सर असतो, तो किरण समोरून कधी गेला तेवढं टिपतो, आणि रेघ कधी सुरू झाली ते पिवळ्या व्हिडिओ वायरीतून समजतं, मग वेळेवरून जागा काढायची, बस. म्हणून गनची एक पिन कंट्रोलरच्या जागी आणि दुसरी पिवळ्या पिनेच्या मध्ये अडकवावी लागते. एलईडीत धावणारा किरणच नाही तर गन बिचारी बघणार काय! लहानपणीच्या टीव्ही गेमवर बदकं मारायचो, तो मूळ १९८४ चा डक हंट, त्याचं अजून साधं होतं, ट्रिगर ओढला की स्क्रीन क्षणभर काळी आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन, तो दिसला की बदक मेलं. आणि आम्ही खरंच स्वतःला नेमबाज समजत होतो.

मग टीव्हीची शोधाशोध. पहिला मिळाला २९ इंची फ्लॅट, चित्र काय सुंदर, पण तो १०० हर्ट्झचा निघाला, म्हणजे चित्र आधी साठवून मग दुप्पट वेगाने काढतो, गनचा हिशोबच चुकतो. परत केला. शेवटी भंगारवाल्याकडे २१ इंची साधा डबा ४०० रुपयाला, आणि त्याच्या रिपेरीला ९००. मेकॅनिक काका म्हणाले, "अहो, लोक हे फुकट टाकून जातात, तुम्ही पैसे देताय?" पण आवडीने केलं त्यांनी. मागचं झाकण आपण उघडायचं नाही हे मात्र तीनदा बजावलं, टीव्ही बंद असला तरी ट्यूबमध्ये करंट राहतो. भाऊ इंग्लंडचा हे एक बरं झालं, तिकडेही पॅल, त्यामुळे रंग वगैरेची काही झंझट नाही.

आता खेळाचं. टाइम क्रायसिस मूळ आर्केड गेम, म्हणजे गेम पार्लरमधल्या मोठ्या मशीनवरचा, तिथे पायाखाली पेडल असायचं, दाबलं की बाहेर, सोडलं की आडोशाला लपून सहा गोळ्या परत भरल्या. घरी पेडलचं काम नळीच्या बाजूच्या बटणावर. मजा थोडी कमी होते, खोटं कशाला बोलू, मॉलमध्ये तो पाय आपटायचा जो जोश होता तो बोटाने येत नाही. पण बटण दोन्ही बाजूंना आहे, माझा मुलगा डावखुरा, त्याला एकदम सोयीचं. गेममध्ये घड्याळ पळतंय आणि शेजारचे काका वर्गणी मागायला दारात उभे, असं दोनदा झालंय.

खरा पैसा वसूल मात्र पॉइंट ब्लँकने केला. छोटे छोटे राउंड, कुठे आकडे क्रमाने उडवा, कुठे एकच गोळी आणि एकच पडणारं पान. रक्तबिक्त काही नाही. आई ६८ वर्षांची, आधी "बंदुका कसल्या घरात आणता" म्हणाली होती, आता पानाच्या राउंडला मला हरवते आणि जिंकली की काही बोलत नाही, नुसता चष्मा पुसते.

आठ महिन्यांत त्रास काय झाला तर, ब्राइटनेस कमी ठेवला की गन ऐकत नाही, आणि वाढवला की अर्ध्या तासात डोळे. रोज बसायच्या आधी नेम सेट करावाच लागतो. ट्रिगर थोडा ढिला झालाय. मुलगा म्हणतो टीव्ही शिट्टी मारतो, मला आणि बायकोला काहीच ऐकू येत नाही, मग कळलं की ते त्या रेघांचंच, १५ हजारच्या वरचा बारीक आवाज वय झालं की कानाला लागत नाही. हे कळल्यावर जरा वाईटच वाटलं.

जागा नसेल तर सरळ कॅमेरावाली गन बघा, सिंडेनसारखी, ती स्क्रीनभोवतीची पांढरी चौकट ओळखून नेम धरते आणि एलईडीवर चालते, पण त्याला कॉम्प्युटर लागतो आणि स्वस्त नाही.

आमचा डबा बावीस किलोचा, सध्या शिलाई मशीनवर ठेवलाय. बायकोला गौरी-गणपतीच्या आधी मशीन मोकळं हवंय. कोल्हापुरात कुणाकडे लोखंडी टीव्ही ट्रॉली पडून असेल तर सांगा, येऊन घेऊन जातो.