आधी शिधा की आधी वाटाड्या?

साताऱ्यातील किंवा सांगलीतील ज्या गिर्यारोहण मंडळांना कोयना-वारणेच्या खोऱ्यांत अनेक दिवसांची पदभ्रमंती आखायची आहे, त्यांनी मर्यादित निधी सामानावर घालावा की स्थानिक वाटाड्यावर, हे ठरवताना जुन्या शोधमोहिमा अवश्य अभ्यासाव्यात.

सामानावर भिस्त ठेवणाऱ्यांत बर्क आणि विल्स यांची ऑस्ट्रेलियातील मोहीम ठळक आहे. २० ऑगस्ट १८६० रोजी ती मेलबर्नहून सुमारे २० टन सामान घेऊन निघाली. उत्तर किनाऱ्यानजीक जाऊन बर्क, विल्स आणि त्यांचा सहकारी किंग २१ एप्रिल १८६१ च्या संध्याकाळी कूपर्स क्रीकच्या तळावर परतले, तेव्हा तेथील तुकडी त्याच सकाळी निघून गेली होती. तिने पुरून ठेवलेला शिधा संपत आल्यावर ते नार्डू या नेच्याच्या बीजाणुकोशांचे पीठ खाऊ लागले. मात्र पोट भरूनही ते खंगत गेले. नार्डूतील एक विकर (एन्झाइम) ब जीवनसत्त्वांपैकी थायमिन नष्ट करते, आणि तेथील मूळनिवासी यांड्रुवांधा लोकांच्या पारंपरिक कृतीने हा दोष बराच कमी होतो. आपल्याकडे अळूत चिंच का घालतात हे ठाऊक नसलेल्याच्या हाती नुसती पाने द्यावीत, तशी ही स्थिती होती. यांड्रुवांधांनी मासे देऊ केले होते, पण बर्कने त्यांच्यावर बंदूक रोखून त्यांना दूर लोटले. बर्क आणि विल्स मरण पावले. त्याच लोकांच्या आश्रयाला गेलेला किंग सप्टेंबरमध्ये शोधपथकाला जिवंत सापडला. एकाच मोहिमेतील हा फरक मला सर्वांत निर्णायक वाटतो.

याउलट, उत्तर ध्रुवप्रदेशात शोधप्रवासी जॉन रे यांनी तेथील मूळनिवासी इन्युइटांकडून बर्फाची घरे बांधणे शिकून १८५३-५४ चा हिवाळा तशा घरांत काढला.

तरीही शिधा गौण ठरत नाही. दक्षिण ध्रुव गाठणाऱ्या आमुंडसेन यांनी वाटेवर अन्नसाठे काटेकोरपणे रचले होते. परंतु त्याआधी, १९०३ ते १९०५ या काळात, नेत्सिलिक इन्युइटांच्या शेजारी राहून त्यांनी पोशाख आणि कुत्र्यांच्या घसरगाड्यांचे ज्ञान मिळवले होते. असे ज्ञान निघण्याच्या आदल्या दिवशी विकत मिळत नाही.

म्हणून परवानगी असलेल्या, मळलेल्या आणि पाण्याची खात्री असलेल्या एक-दोन दिवसांच्या वाटेसाठी स्वतःचा शिधा पुरेसा मानावा. त्यापुढच्या बेतासाठी मात्र वाटाड्याचे मानधन आधी बाजूला काढावे, सामानाची यादी त्याच्याशी बोलूनच करावी आणि त्याने नको म्हटलेली रानभाजी शिजवू नये.