‘फुल इन्शुरन्स आहे, टेन्शन नका घेऊ’: गोव्यात पहिल्यांदा भाड्याने गाडी घेताना

गोव्यात गाडीची किल्ली देताना जो विम्याचा कागद दाखवतात, तो बहुतेक वेळा खराच असतो. पॉलिसी चालू असते, गाडीचा नंबर जुळतो, तारीख पुढची असते. आणि म्हणूनच माणूस फसतो. खोट्या कागदाचा निदान संशय तरी येतो. कागद खरा असेल आणि तुमच्या उपयोगाचा नसेल, तर आपण निर्धास्त होऊन गाडी काढतो.

सुरुवात नंबरप्लेटपासून करा. स्वतः चालवायला भाड्याने द्यायच्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. ड्रायव्हरसकट येणाऱ्या टॅक्सीची पाटी पिवळी, अक्षरं काळी. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे घरची गाडी. ती भाड्याने देता येत नाही. मोपा किंवा दाबोळी विमानतळावर उतरलात, मडगाव किंवा थिवीं स्टेशनबाहेर आलात, की ‘काळ्या पाटीच्या सगळ्या गेल्या, ही घ्या, रोजचे तीनशे कमी द्या’ असं सांगणारे भेटतात. पाठोपाठ एक सूचना येते: ‘पोलिसांनी विचारलं तर मित्राची गाडी आहे म्हणायचं.’ हे वाक्य कानावर पडलं की तिथूनच मागे फिरा.

कारण काय, ते पॉलिसीतच छापलेलं असतं. खासगी कारच्या पॉलिसीत ‘लिमिटेशन्स ॲज टू यूज’ नावाचा रकाना असतो. गाडी भाड्याने किंवा मोबदला घेऊन वापरली तर विमा लागू नाही, असं तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं. म्हणजे गाडी ठोकली तर तिच्या दुरुस्तीचा क्लेम कंपनी नाकारू शकते. समोरचा माणूस जखमी झाला तर प्रकरण आणखी अवघड होतं. अशा वेळी अपघाताचे दावे ऐकणारं न्यायाधिकरण कधी कधी विमा कंपनीला आधी भरपाई द्यायला लावतं आणि ती रक्कम मालकाकडून वसूल करायची मुभा देतं. मालक मग ती तुमच्याकडे मागायला येतो. दाव्यात चालक म्हणून तुमचं नाव असतंच. शिवाय गाडीचं भाड्याचं परमिट नसताना ती भाड्याने चालवली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 192अ प्रमाणे पहिल्याच गुन्ह्याला 10,000 रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हे कलम फक्त मालकापुरतं नाही, चालवणाऱ्यालाही लागतं. तीनशे रुपये वाचवताना हा हिशेब कोणी मांडत नाही.

पाटी रंगवूनही मिळते, म्हणून एमपरिवहन या सरकारी ॲपवर नंबर टाकून बघा. वाहनाच्या वर्गात ‘मोटर कॅब’ दिसायला हवं; ‘मोटर कार’ दिसलं तर पाटीचा रंग काहीही असो, गाडी खासगी आहे. फिटनेस, विमा आणि पीयूसीच्या तारखाही तिथेच दिसतात. 1989 च्या रेंट-ए-कॅब योजनेप्रमाणे अशा गाड्या भाड्याने द्यायचा परवाना घ्यायला किमान 50 गाड्या लागतात. त्यामुळे दोन-तीन गाड्या बाळगणारा माणूस ‘परवाना माझाच’ म्हणाला, तर करारावर परवानाधारकाचं नाव कोणाचं आहे ते वाचा.

आता समजा पाटी काळी आहे, कागद बरोबर आहेत. तरीही ‘फुल इन्शुरन्स’ म्हणजे सगळं फुकट नव्हे. भाड्याच्या गाडीचं सगळ्यात जास्त काय खरचटतं? बंपर. तो प्लास्टिकचा असतो, आणि प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांवर विमा कंपनी 50 टक्के घसारा, म्हणजे वापराने कमी झालेली किंमत, कापते. घसारा माफ करणारं ‘झिरो डेप’ हे वेगळं ॲड-ऑन (जादा पैशांचं कवच) घेतलेलं नसेल, तर निम्मा बंपर कोणाच्या तरी खिशातून जातो. तो खिसा तुमचा. पत्र्याच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे कपात होते: पहिले सहा महिने काही नाही, पाच ते दहा वर्षांच्या गाडीला 40 टक्के. काचेवर घसारा नाही. शिवाय प्रत्येक क्लेममध्ये एक सक्तीची रक्कम आधीच वजा होते.

काही गोष्टी मुळात बाहेरच असतात. नुसता टायर फुटला तर पैसे नाहीत. त्याच अपघातात गाडीचंही नुकसान व्हायला हवं. पावसाळ्यात पाण्यात गाडी बंद पडली आणि तुम्ही पुन्हा स्टार्टर मारला, तर इंजिनात पाणी ओढलं जातं, कनेक्टिंग रॉड वाकतो. ‘इंजिन प्रोटेक्ट’ हे ॲड-ऑन नसेल तर तो खर्च साध्या पॉलिसीत बसत नाही. बंद पडली तर ढकलून बाहेर काढा, किल्लीला हात लावू नका. दारू पिऊन चालवली तर आपल्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम गेलाच. समुद्रकिनाऱ्यावर, वाळूत गाडी घालणं तर गुन्हाच आहे; रुतलेल्या गाडीसोबत पोलीस केसही गळ्यात पडते. आणखी एक, जे फारसं कोणी सांगत नाही: पॉलिसीतलं 15 लाखांचं सक्तीचं अपघाती कवच मालक-चालकासाठी असतं. तुम्ही मालक नाही. तुमच्यासाठी स्वतःची अपघात पॉलिसी हवी.

ॲपवरून गाडी घेतली तर ‘ट्रिप प्रोटेक्शन’ नावाचा पर्याय येतो. तो बहुधा विमा नसतो. नुकसान झालं तर तुमच्याकडून जास्तीत जास्त किती घेऊ, एवढाच तो करार असतो. टायर, गाडीची खालची बाजू, आतली सीटं, हरवलेली किल्ली हे त्यातून वगळलंय का, ते अटींमध्ये वाचा.

खरी वसुली मात्र होते परत देताना, आणि क्लेमच्या वाटेने नाहीच. चित्र साधारण असं असतं. तुमच्या विमानाला दोन तास आहेत. माणूस गाडीभोवती एक फेरी मारतो, मग नेमका पुढच्या बंपरपाशी उकिडवा बसतो आणि बंपरच्या खालच्या ओठावरून बोटं फिरवतो. मोबाइलचा टॉर्च लावतो. ‘भाऊ, हे कधी झालं?’ घेताना तुम्ही तिथे वाकून बघितलेलंच नसतं. मग आकडा येतो: बंपर बदलावा लागेल, गाडी तीन दिवस गॅरेजला राहील, त्या दिवसांचं भाडं वेगळं. डिपॉझिट पुरत नाही म्हणून वर आणखी दोन हजार. विमान चुकेल या धास्तीने लोक देऊन टाकतात. बंपर मात्र बदलला जाईलच असं नाही. तोच ओरखडा पुढच्या गिऱ्हाइकालाही दाखवता येतो.

अशा वेळी ओरखडा नीट बघा. जुन्या ओरखड्यात धूळ आणि पॉलिशचा पांढरट थर बसलेला असतो. ताज्या ओरखड्याच्या कडेला प्लास्टिकचे बारीक तुसे उभे असतात. नख आडवं ओढा. नख अडकलं नाही तर ओरखडा वरच्या लॅकरमध्येच आहे, पॉलिशने जातो. अडकलं तर ओरखडा रंगाच्याही खालपर्यंत गेलाय. तरीही ‘बंपर बदला’ आणि ‘बंपर रंगवा’ यांत फार अंतर आहे. कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपचं एस्टिमेट मागा, पैसे दिलेच तर जीएसटी बिल घ्या, बदललेला जुना भाग दाखवायला सांगा. एवढं विचारलं की आकडा खाली येतो.

पण हा वाद घालायची वेळच यायला नको. त्यासाठी गाडी उजेडात ताब्यात घ्या. नुकतीच धुतलेली, ओली गाडी घेऊ नका. पाण्याखाली ओरखडे दिसत नाहीत, पुसायला लावा. व्हिडिओ नंबरप्लेटपासून सुरू करा आणि न थांबवता एकाच दिशेने फिरा. मोबाइल गुडघ्याएवढ्या उंचीवर धरा, कारण भांडण होतं ते तिथल्याच भागावरून: बंपरचे खालचे ओठ, चारही चाकांच्या रिम, टायरच्या बाजूला आलेला फुगा, दारांच्या कडा. मग काच, आरशांची कव्हरं, छप्पर. शेवटी आत बसून किल्ली फक्त ‘ऑन’ करा. चेक इंजिनचा दिवा लागायला हवा आणि इंजिन सुरू झाल्यावर विझायला हवा. तो लागलाच नाही, तर तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो. किलोमीटर आणि पेट्रोलचा काटाही त्याच व्हिडिओत घ्या. डिकीतली स्टेपनी अंगठ्याने दाबून बघा, जॅक आणि पाना आहे ना ते बघा. निघण्यापूर्वी तिथेच उभं राहून व्हिडिओ गाडीवाल्याच्या व्हॉट्सॲपवर पाठवा आणि त्याच्याकडून ‘ओके’ लिहून घ्या.

परिवहनच्या ई-चलन संकेतस्थळावर त्या नंबरची थकीत चलनं बघून स्क्रीनशॉट ठेवा, नाहीतर मागच्या पर्यटकाचा दंडही तुमच्या नावावर खपतो. मूळ लायसन्स कोणाच्याही ताब्यात देऊ नका, डिजिलॉकरवरचं चालतं. आधारची मास्क केलेली (पहिले आकडे झाकलेली) प्रत द्या. डिपॉझिट रोख नको. करारावरच्या नावाच्याच खात्यात यूपीआयने पाठवा आणि नोटमध्ये ‘परतीचं डिपॉझिट’ असं गाडीच्या नंबरासह लिहा. करारात गाडी गॅरेजला असतानाचं भाडं किती दिवसांपुरतं घेणार, आणि डिपॉझिट किती तासांत परत, या दोन ओळी नसतील तर पेनाने लिहून दोघांच्या सह्या घ्या.

अपघात झालाच तर 112 ला फोन करा आणि पोलीस ठाण्यात नोंद करा. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवायला मालकाला लावा. विमा कंपनीच्या सर्व्हेअरने (नुकसान तपासणाऱ्याने) बघेपर्यंत गाडी दुरुस्तीसाठी उघडू देऊ नका. ‘क्लेम नको, बोनस जाईल, आपसात मिटवू’ असं मालक म्हणाला, तर त्याचा बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) वाचवायचा खर्च तुम्ही का उचलायचा, हे विचारा.

डिपॉझिट अडकलं असेल तर आधी लेखी मेसेजने मागा, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवा. बुकिंगचा ॲडव्हान्स घेऊन नंबर बंद झाला असेल तर ते ग्राहक प्रकरण नाही, सायबर गुन्हा आहे: लगेच 1930 लावा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे समोरच्या खात्यात गोठवले जाण्याची शक्यता जास्त. फोन करताना यूपीआय व्यवहाराचा 12 आकडी क्रमांक हाताशी ठेवा.