रोज चालवायला डब्ल्यू-१२४: ई-२२० घ्यावी की ई-२५० डिझेल?

१९९५ पासून पिंपरीत टेल्कोच्या (आताची टाटा मोटर्स) आवारात जुळणी होऊ लागलेली डब्ल्यू-१२४, म्हणजे मर्सिडीजची जुनी ई-क्लास, आज घ्यायची, तर ओडोमीटरवर विसंबू नका. त्यातलं प्लास्टिकचं दातेरी चाक तडकतं. मग आकडा थांबतो आणि स्पीडोमीटर बिनबोभाट चालत राहतो. 'कमी चाललेली' या शब्दांना इथे किंमत नाही. या गाडीत इंजिन आधी जात नाही. रबर, वायर आणि प्लास्टिक आधी जातं, तेही वयाने.

पेट्रोल ई-२२० ची खरी दुखरी नस म्हणजे इंजिनचं वायरिंग. त्या वर्षांतल्या वायरींचं वेष्टण उष्णतेने कडक होऊन गळतं. आयडलिंग खालीवर होतं, मिसिंग येतं आणि शॉर्ट झालं तर ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटरही जातो. इंजिन थंड असताना एखाद्या सेन्सरच्या प्लगमागची स्लीव्ह बोटभर मागे सारा आणि वायर हळूच वाकवा. पापुद्रे सुटले तर अख्खा हार्नेस (वायरींचा जुडगा) बदला किंवा उष्णता सोसणाऱ्या सिलिकॉन वायरींनी नव्याने बांधून घ्या. थ्रॉटल अ‍ॅक्च्युएटरच्या (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) वायरीही त्यातच धरा. टेप गुंडाळून देणाऱ्या मेकॅनिकला हात जोडा.

डिझेलला ही कटकट तेवढी नाही. पाच सिलिंडरचं अडीच लिटरचं इंजिन सुस्त आहे, घाटात ओव्हरटेक करताना धीर धरावा लागतो. त्याची गंमत वेगळीच: ते बंद होतं व्हॅक्यूमने, म्हणजे नळ्यांतली हवा ओढून. त्या नळ्यांना कुठे गळती असली तर किल्ली काढूनही इंजिन धडधडत राहतं. अशा वेळी बॉनेट उघडून 'स्टॉप' लिहिलेला खटका दाबायचा. सेंट्रल लॉकही व्हॅक्यूमवरच. एखादं दार लॉक होत नसेल किंवा मागच्या सीटखालचा पंप नेहमीपेक्षा जास्त वेळ घरघरत असेल, तर दारातला डायफ्रॅम (रबरी पडदा) किंवा रबरी जोड फाटलेला असतो. पंप बदलण्याआधी एकेका दाराची नळी बंद करून पाहावी.

एसी थंड करत नाही म्हणून लगेच गॅस भरू नका. हीटरच्या व्हॉल्व्हचा डायफ्रॅम फाटला की गरम पाणी आत फिरतच राहतं. इंजिन थंड असताना हीटरच्या पाइपला क्लॅम्प लावा, मग गाडी सुरू करून बघा. हवा गार झाली तर दोष व्हॉल्व्हचा, आणि खर्च किरकोळ. कूलिंग कॉइल गळत असेल तर मात्र अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. एवढ्या एका कारणावरून सौदा सोडला तरी चालेल.

खालचे बॉल जॉइंट, लोअर आर्मचे बुश, प्रॉपेलर शाफ्टची रबर कपलिंग आणि इंजिन माउंट एकदम करून घेतले की खड्ड्यांवर ही गाडी ज्या शांतपणे जाते, तसं आजच्या कितीतरी महागड्या गाड्यांना जमत नाही. टायर १९५/६५ आर १५, सहज मिळतात. ट्रॅफिकमध्ये इंजिनच्या तापमानाचा काटा ८० च्या वर चढला तरी घाबरू नका. १०० ओलांडून तिथेच राहिला तर फॅनचा व्हिस्कस क्लच (इंजिन तापलं की फॅनला जोर देणारा जोड) तपासा.

मुंबई-कोकणातली गाडी असेल तर बाजूचे प्लास्टिक पॅनेल काढायला लावून जॅक लावायच्या जागा गंजल्यात का ते बघावं. आरसीची मुदतही पाहा: पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण आणि पर्यावरण कर आलाच.

शहरातच फिरायचं असेल तर वायरिंग बदललेली ई-२२० घ्यावी. तसं बिल दाखवता येत नसेल तर डिझेल बघा.